प्रवाशांसाठी बंद झालेले स्थानक नव्या गृहसंकुलासाठी पुन्हा सुरू करता येते का?

खाडीपलीकडचा यांचा प्रश्न

नमस्कार. कोकण रेल्वेवर वीर स्थानकाच्या दक्षिणेला एका खाडीकाठच्या गावात गेल्या काही वर्षांत मोठे गृहसंकुल उभे राहिले असून त्यातील एका सदनिकेत मी दीड वर्षापासून कुटुंबासह राहतो. गावाचे व विकासकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मला कोणावर आरोप करायचा नसून रीत समजून घ्यायची आहे. सदनिका घेताना हाती आलेल्या माहितीपत्रकात ‘रेल्वे स्थानक : चालत सात मिनिटे’ असे छापले होते. ते अंतर मी घड्याळ लावून चाललो आहे आणि ते खरोखरच सात मिनिटांचे आहे. अडचण एवढीच की त्या स्थानकावर प्रवाशांना चढता-उतरता येईल अशी एकही गाडी थांबत नाही.

तिकीट खिडकीवर फळ्या ठोकलेल्या आहेत. नावाच्या पिवळ्या फलकावरील मराठी अक्षरे अजून वाचता येतात, इंग्रजी अक्षरे मात्र पावसाने धुऊन निघाली आहेत. फलाटाच्या एका टोकाला घाणेरी माजली आहे, आणि मे महिन्यात उरलेल्या मोकळ्या भागावर वाडीतील बायका आमसुले वाळत घालतात, कारण इतकी सपाट, तापणारी आणि गुरांचा उपद्रव नसलेली जागा आसपास दुसरी नाही. पूर्वी येथे पॅसेंजर थांबत असे. तिकीटविक्री फारच कमी असल्यामुळे करोनाच्या आधीच तो थांबा काढून घेतला गेला, असे गावात सांगतात.

सर्वांत जवळचे चालू स्थानक रस्त्याने चौदा किलोमीटरवर आहे. सकाळी तिकडे जाणारी एकच एसटी आहे आणि तिची वेळ गाडीच्या वेळेशी जुळत नाही, त्यामुळे रिक्षाला जे पैसे पडतात ते पुढच्या संपूर्ण रेल्वेप्रवासाच्या कितीतरी पट असतात. संकुलात सव्वादोनशे सदनिका आहेत. सोसायटीच्या पुढील सभेत स्थानक पुन्हा सुरू करण्याचा ठराव मांडावा असा विचार आहे. असा अर्ज कोणाकडे करायचा, खर्चाचा काही भाग सोसायटीने उचलला तर उपयोग होतो का, आणि किती प्रवासी असले म्हणजे रेल्वे ऐकते, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

बावटा यांचे उत्तर

आपण प्रश्न नेटका मांडला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रेल्वेच्या परिचालन विभागात माझी सारी नोकरी झाली आणि त्यातील बराच काळ अशाच लहान स्थानकांवर गेला.

‘स्थानक बंद’ हा शब्दप्रयोग आपण करता, तो आधी तपासून घ्या. प्रवाशांच्या दृष्टीने बंद असलेले स्थानक गाड्यांच्या दृष्टीने पूर्ण चालू असू शकते. वीरपर्यंत २०२१ मध्ये दुहेरी मार्ग झाला. त्याच्या दक्षिणेला बहुतांश मार्ग अजूनही एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला बाजूच्या लूप लाइनवर घेऊन दुसरीला वाट करून द्यावी लागते, आणि हे क्रॉसिंग ज्या ठिकाणी होते तेथे सिग्नल, गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट आणि कर्मचारी असावेच लागतात. कडवई, कळंबणी बुद्रुक, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे ही स्थानके १९९८ मध्ये मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा नव्हती. दोन क्रॉसिंगमधले अंतर कमी करून त्याच रुळांवरून जास्त गाड्या नेता याव्यात, हा ती उभारण्यामागचा मुख्य हेतू होता. प्रवाशांचा विचार त्याच्या मागून आला. याउलट, ज्याला आम्ही साधा ‘हॉल्ट’ म्हणतो त्या ठिकाणी ना सिग्नल असतो ना लूप. वेळापत्रकात लिहिले आहे म्हणून चालक गाडी उभी करतो, एवढेच. आपले स्थानक या दोहोंपैकी कोणते, यावर पुढचे जवळजवळ सर्व काही अवलंबून आहे.

ते क्रॉसिंगचे स्थानक निघाले, तर आपल्या हाती मोठी गोष्ट आहे असे समजा. कोकण रेल्वे वेगवान गाड्यांसाठी आखली गेली, म्हणून तिचा चढ साधारणपणे १५० मीटरला एक मीटर यापेक्षा तीव्र ठेवलेला नाही. परंतु स्थानकाच्या आवारात गाडी आपोआप घरंगळू नये यासाठी याहूनही सपाट जमीन लागते आणि तेथे ४०० मीटरला एक मीटर हा चढ सर्वसाधारण मर्यादा मानला जातो. डोंगर, दरी, बोगदा आणि पुन्हा पूल अशा या मुलखात तेवढी लांब सपाटी तयार करणे म्हणजे अर्धा डोंगर कापणे. ती सपाटी आपल्याकडे करून ठेवलेली आहे. नव्या जागी स्थानक मागणाऱ्या गावांना सहसा येथेच नकार मिळतो.

आता खर्चाविषयी. लोकांना वाटते की खर्च म्हणजे फलाट, शेड, दिवे आणि रंगरंगोटी. तो एकदाच करावा लागतो आणि त्यासाठी कोणी ना कोणी पुढे येतोच. खासदारांचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपयांचा असतो, जरी तो साऱ्या मतदारसंघाला पुरवायचा असला तरी. रेल्वेला खरा जाच होतो तो वेळेचा. गाडी दोन मिनिटे थांबते असे वेळापत्रकात दिसते, पण वेग कमी करणे, थांबणे आणि पुन्हा पूर्ण वेग घेणे यांत एकंदर चार-पाच मिनिटे जातात. दुहेरी मार्गावर ही पाच मिनिटे फक्त त्या गाडीची असतात. एकेरी मार्गावर मात्र पुढच्या स्थानकात तिची वाट पाहत उभी असलेली गाडीसुद्धा पाच मिनिटे उशिरा सुटते, तिच्यामुळे आणखी एक रखडते, आणि संध्याकाळपर्यंत तो उशीर पार मडगावपर्यंत पोहोचलेला असतो. पावसाळी वेळापत्रकात वेग आधीच उतरवलेला असल्याने तेव्हा ही ओढाताण अधिक जाणवते. म्हणून ‘एवढ्या गाड्या जातात, एक थांबवली तर काय बिघडते’ हे वाक्य निवेदनात लिहू नका. वाचणाऱ्याला काय बिघडते ते तोंडपाठ असते.

त्याऐवजी एकच गाडी मागा, आणि ती वेळेसह मागा. सकाळची अमुक पॅसेंजर व संध्याकाळची अमुक पॅसेंजर, एवढेच. मेल-एक्स्प्रेसचा थांबा हा रेल्वे बोर्डाच्या पातळीवरचा विषय असून त्याच्या मागे लागलात तर पाच वर्षे पत्रव्यवहारात जातील. थांबा पहिल्यांदा प्रायोगिक तत्त्वावर, बहुधा सहा महिन्यांसाठी दिला जातो आणि नंतर त्या स्थानकावरून किती तिकिटे गेली हे पाहून पुढचे ठरते. तेव्हा त्या सहा महिन्यांची तयारी अर्ज देण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे.

आणि येथे एक विचित्र पेच आहे. बंद स्थानकाची तिकीटविक्री शून्य असते. आपल्या गावची माणसे चौदा किलोमीटरवरच्या स्थानकातून तिकीट काढतात, त्यामुळे त्यांचा प्रवास त्या स्थानकाच्या खात्यात जमा होतो आणि आपल्या स्थानकाची गरजच नाही असे कागदावर दिसते. म्हणून शेजारच्या स्थानकावर आपल्या भागातून रोज किती जण जातात, याची नोंद तुम्हालाच ठेवावी लागेल. ती दुसरे कोणी ठेवत नाही.

अर्ज बेलापूरच्या कोकण रेल्वे महामंडळाच्या मुख्यालयाकडे करावा, त्याची प्रत रत्नागिरीच्या विभागीय कार्यालयाला द्यावी. हे महामंडळ केंद्र सरकार आणि चार राज्ये यांच्या भागीदारीतले असून महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के आहे. ते भारतीय रेल्वेत विलीन करण्याला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिलेली असल्याने एक प्रत रेल्वे मंत्रालयाकडेही असू द्यावी.

मला दोन गोष्टी कळवा. तेथे क्रॉसिंगसाठी गाड्या उभ्या राहतात का? राहत असल्यास पॅसेंजर फलाटाच्या बाजूच्या रुळावर घेतात की पलीकडच्या?

गडगा यांचे उत्तर

गावाचे नाव लिहिले नाही तरी आमसुलांवरून ओळखले. निदान आमच्यासारख्याच एखाद्या गावाचे वर्णन आहे, असे धरून लिहितो.

आमच्या गावच्या जमिनी नव्वदच्या दशकात या मार्गासाठी गेल्या. माझ्या वडिलांच्या दोन कलमांच्या बागांमधून रूळ गेले आणि तेव्हा स्थानक मिळणार या एका गोष्टीवर घरातली कुरबुर मिटली. ते मिळाले, आणि नंतर गेले. आता ते का गेले हे मी खरे खरे लिहितो, कारण येथे कोणी मला ओळखत नाही. आम्ही तिकीट काढत नव्हतो. खिडकी गाडीच्या वेळेआधी थोडाच वेळ उघडत असे, तपासनीस आमच्या पट्ट्यात क्वचितच दिसे, आणि पुढच्या स्थानकावर उतरून फलाटाच्या शेवटच्या टोकाने पाखाडीने खाली उतरले की कोणी विचारत नसे. रोज पन्नास-साठ माणसे चढत होती आणि कागदावर आठ-दहाच दिसत होती. थांबा काढला तेव्हा आम्ही मोर्चा नेला, घोषणाही दिल्या, पण त्या कागदाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

हे सांगण्याचे कारण दुसरेच आहे. आपल्या संकुलातील सव्वादोनशे सदनिकांपैकी रात्री किती खिडक्यांत दिवा लागतो, हे एकदा बाहेर उभे राहून मोजा. आमच्याकडील अशा संकुलांत गणपतीत आणि मे महिन्यात गाड्या लावायला जागा नसते, आणि भाद्रपद सरला की पहारेकरी व त्याचा कुत्रा एवढेच उरतात. सुट्टीला येणारा मालक स्वतःच्या मोटारीने येतो. त्याला पॅसेंजर नको असते. रोज गाडी लागते ती तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या पोरांना, डायलिसिसला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना, एमआयडीसीत पाळी करणाऱ्यांना आणि मासळी व आंबे घेऊन जाणाऱ्या बायकांना. त्यांतले बहुतेक आमच्या चार वाड्यांतले आहेत. अर्जावर फक्त संकुलाचे नाव घातलेत तर गाव तुमच्या मागे येणार नाही, आणि गाव आले नाही तर प्रवासीही दिसणार नाहीत.

विधिज्ञा यांचे उत्तर

मूळ प्रश्न रेल्वेचा असला तरी माहितीपत्रकाचा उल्लेख आल्यामुळे लिहिते. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील चुकीच्या अथवा खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास विकासक भरपाईस बांधील ठरतो, आणि ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास रक्कम व्याजासह परत मागता येते. मात्र आपल्या माहितीपत्रकात ‘स्थानक’ सात मिनिटांवर आहे असे म्हटले आहे आणि स्थानक सात मिनिटांवर आहेच. तेथे गाडी थांबते, असे कोठे छापले आहे का? प्रतिनिधीने तोंडी सांगितले असेल तर ते सिद्ध करणे कठीण जाते. लेखी संदेश असतील तर जपून ठेवा.

याहून महत्त्वाची सूचना पुढील ग्राहकांसाठी आहे. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणे बंधनकारक केले आहे. तो कोड उघडून नोंदणीच्या कागदपत्रांत रेल्वेविषयी एक अक्षर तरी आहे का ते पाहावे. बहुधा नसते, जाहिरातीतील शेजारच्या सोयी आणि नोंदणीतील वचने या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण स्थानक सुरू करण्याचा प्रयत्न करत असताना त्याच संकुलाच्या दुसऱ्या टप्प्याच्या फलकावर ‘स्थानक लवकरच सुरू’ असे झळकणार नाही, याकडेही लक्ष ठेवा. सोसायटीचा ठराव हा विकासकाच्या हाती विक्रीचे साधन म्हणून पडू नये.

उलवेकर यांचे उत्तर

विकासकाने किंवा नियोजन करणाऱ्याने पैसे भरले तर स्थानक मिळते का, या प्रश्नाचे आपल्याच किनारपट्टीवरचे मोठे उदाहरण म्हणजे नेरूळ-बेलापूर-उरण मार्ग. त्याच्या खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३ टक्के ठरला होता. खारकोपरपर्यंत गाड्या नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्या. बामणडोंगरी व खारकोपर येथे तर स्थानकालगतच सिडकोने मोठ्या गृहनिर्माण योजना घेतल्या, म्हणजे घर आणि गाडी यांचा एकत्र विचार झाला. तरीही त्याच मार्गावरील तरघर स्थानकावरून गाड्या कित्येक वर्षे न थांबता जात राहिल्या, हे आम्ही रोज खिडकीतून पाहिले आहे. पैसा, जमीन, नियोजन हे सगळे एकाच यंत्रणेच्या हाती असताना एवढा काळ लागतो, तर सव्वादोनशे सदनिकांच्या सोसायटीने वर्गणी काढून फलाट बांधण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पोहोचरस्ता, दिवे आणि रिक्षाथांबा एवढ्यापुरते पैसे ठेवा.

दर्याकाठ ते डेव्हन यांचे उत्तर

माझी मुलगी इंग्लंडमध्ये एक्झेटरजवळ राहते, त्यामुळे तिकडची दोन उदाहरणे पाहण्यात आली. क्रॅनब्रुक या नव्याने वसवलेल्या गावात लोक २०१२ पासून राहायला आले, आणि स्थानक डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. तो मार्गही तेथे एकेरीच आहे, आणि स्थानकाला फलाट एकच. दुसरे उदाहरण ओकहॅम्प्टनचे. तेथील नियमित प्रवासी गाड्या १९७२ मध्ये बंद झाल्या आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत रूळ उखडले गेले नाहीत, याचे मुख्य कारण प्रवासी नव्हते. पुढे मेल्डन येथे रुळांखालच्या खडीची खाण होती आणि तिच्यासाठी मार्ग राखला गेला. वर बावटा यांनी क्रॉसिंगविषयी जे लिहिले आहे ते वाचताना मला त्या खाणीची आठवण झाली.

खाडीपलीकडचा यांचे पुढील लेखन

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन आठवडे उत्तर लिहिले नाही, कारण विचारलेल्या गोष्टी प्रत्यक्ष पाहूनच लिहावे असे ठरवले होते.

प्रथम गडगा यांच्या सूचनेप्रमाणे दिवे मोजले. मंगळवारी रात्री साडेआठला मी आणि शेजारचे गृहस्थ खाडीच्या बांधावर उभे राहिलो. सव्वादोनशेपैकी त्रेसष्ट सदनिकांत दिवा होता. शनिवारी तीच संख्या एकशे अठरा झाली. ठरावाच्या मसुद्यात मी ‘सव्वादोनशे कुटुंबांची निकड’ असे शब्द घातले होते, ते काढून टाकले.

नंतर सलग सहा दिवस सकाळी शेजारच्या स्थानकाकडे जाणाऱ्यांची नोंद केली. तिठ्यावर चहाच्या टपरीशी बसून कोण कोठे जाते एवढेच विचारायचे होते. पहिल्या दिवशी लोकांना मी विमा विकणारा वाटलो. सहा दिवसांची सरासरी संकुलातील एकोणीस आणि चार वाड्यांतील एकेचाळीस अशी आली. म्हणजे गडगा यांचे म्हणणे दुपटीहून अधिक खरे ठरले. ठराव आता सोसायटीचा एकटीचा राहणार नाही. ग्रामसभेत तो आधी मांडला जाईल आणि आम्ही त्याला पाठिंबा देऊ, असा क्रम ठरला आहे.

आता बावटा यांचे दोन प्रश्न. होय, तेथे क्रॉसिंग होते. सिग्नल चालू आहेत, केबिनमध्ये माणूस आहे. संध्याकाळची पॅसेंजर सहापैकी चार दिवस तेथे उभी राहिली, एकदा सहा मिनिटे आणि एकदा तब्बल सतरा मिनिटे. परंतु ती फलाटाच्या बाजूला घेतली जात नाही. ती पलीकडच्या लूपवर उभी राहते आणि फलाटालगतच्या रुळावरून एक्स्प्रेस न थांबता निघून जाते. सतरा मिनिटांच्या दिवशी दारात बसलेल्या एका मुलाला मी ओळखले, तो आमच्या संकुलातल्या सुतारांचा मुलगा. त्याने मला हात केला. त्या स्थितीत खडीवर उडी मारणे जिवावरचे आणि बेकायदेशीर आहे, हे तो जाणतो, म्हणून पुढे जाऊन रिक्षाने परत आला. घरी पोहोचायला त्याला पाऊण तास लागला.

बावटा यांचे उत्तर

आपल्या या निरीक्षणाने माझा पहिला सल्ला थोडा बदलतो. संध्याकाळची गाडी तेथे मुळातच थांबत असल्यामुळे थांब्यासाठी नव्याने वेळ द्यावा लागणार नाही, असे आपल्याला वाटेल. ते अर्धेच खरे आहे. फलाट मुख्य रुळालगत आहे आणि गाडी लूपवर. पॅसेंजर मुख्य रुळावर घ्यायची तर एक्स्प्रेसला लूपवरून काढावे लागेल, आणि लूपच्या वळणावर साधारणपणे ताशी ३० किलोमीटरचीच मुभा असते. ज्या गाडीला न थांबता पुढे काढण्यासाठी हे क्रॉसिंग आहे तिलाच अडवणे कोणीही मान्य करणार नाही. तेव्हा उरतो तो पर्याय म्हणजे लूपच्या बाजूला एक साधा, कमी उंचीचा फलाट आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी पादचारी पूल. पुलाविना चालणार नाही. उभ्या गाडीच्या पुढून रूळ ओलांडणाऱ्याला समोरून येणारी एक्स्प्रेस दिसत नाही, आणि हे मी नियमपुस्तकातून नव्हे तर पाहिलेले लिहितो.

फलाट पूर्ण लांबीचा मागू नका. एक डबा साधारण २२ मीटरचा धरला तर आठ डब्यांना पावणेदोनशे मीटर पुरतात. पुढचे आठ डबे फलाटाला लागतील, अशी उद्घोषणा आधीच्या स्थानकावर करता येते. तिकिटांसाठी कर्मचारी मागण्याऐवजी कमिशनवर तिकिटे विकणारा स्थानिक एजंट सुचवा. लहान थांब्यांवर ही पद्धत जुनी आहे आणि बचत गटातील कोणी पुढे आले तर उत्तमच. पॅसेंजरचे किमान भाडे २०२४ पासून पुन्हा १० रुपये झाले आहे, त्यामुळे तिकीट न काढण्याला आता फारसे कारण उरलेले नाही. हे वाक्य मी गडगा यांच्यासाठी लिहिले आहे आणि ते रागावणार नाहीत अशी खात्री आहे.

सकाळच्या गाडीचे काय, ते आपण लिहिले नाही. ती तेथे थांबते का?

गडगा यांचे उत्तर

रागावलो नाही. ग्रामसभेत मीच बोलणार आहे आणि तिकिटाची गोष्ट आधी सांगणार आहे. दोन तरुण पोरांनी असे सुचवले आहे की आत्तापासूनच शेजारच्या स्थानकातून तिकीट किंवा पास काढणाऱ्या आपल्या माणसांच्या नोंदी एका वहीत उतरवाव्यात, म्हणजे सहा महिन्यांनी शून्याऐवजी दाखवायला काहीतरी असेल. वही दुकानात ठेवली आहे. पहिल्या दिवशी अकरा नोंदी झाल्या, दुसऱ्या दिवशी चार, कारण दुकानदार लग्नाला गेला होता.

पोहोचरस्त्याचे कोणी विचारले नाही म्हणून सांगतो. स्थानकाकडे जाणारी वाट पावसाळ्यात पऱ्यातून जाते. श्रावणात गुडघाभर पाणी असते. माहितीपत्रकातली सात मिनिटे कोरड्या दिवसांची आहेत. तेथे मोरी टाकण्याचे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे आणि त्यासाठी बेलापूरला विचारावे लागत नाही.

खाडीपलीकडचा यांचे पुढील लेखन

सकाळची पॅसेंजर तेथे थांबत नाही. ती फलाटालगतच्या मुख्य रुळावरूनच, परंतु वेगात जाते. म्हणजे सकाळी फलाट आहे पण थांबा नाही, आणि संध्याकाळी थांबा आहे पण फलाट नाही. अर्जात या दोन मागण्या स्वतंत्रपणे लिहीत आहे. सकाळच्या गाडीला दोन मिनिटांचा प्रायोगिक थांबा, हा पहिला अर्ज; त्यासाठी घाणेरी काढणे, खिडकीच्या फळ्या उतरवणे आणि दिवे लावणे यांपलीकडे मोठे बांधकाम लागत नाही. लूपच्या बाजूचा फलाट व पूल, हा दुसरा. संध्याकाळी परतण्यासाठी तोपर्यंत शेजारच्या स्थानकावर उतरून सामायिक रिक्षा करता येईल. सुतारांच्या मुलाने चार जणांची एक रिक्षा ठरवूनही टाकली आहे.

विकासकाच्या कार्यालयात जाऊन दुसऱ्या टप्प्याच्या फलकाचा मसुदा पाहिला. त्यावर गाडीचे चित्र होते. विधिज्ञा यांचे उत्तर छापून सोबत नेले होते, ते तेथे ठेवून आलो. मोरीच्या खर्चापैकी निम्मा वाटा सोसायटी देणार असून तो ठराव परवाच्या सभेत दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला. विरोधात गेलेली बहुतेक मते सुट्टीपुरते येणाऱ्या सदस्यांची होती, आणि ते सारे मोटारीने आले होते.

आमसुलांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. थांबा मिळाल्यास मे महिन्यात फलाट सोडावा लागेल, हे वाडीतील बायकांना सांगितले. सकाळची गाडी सात वाजता निघून जाते, तर ऊन चढल्यावर टोकाची बाजू आम्हाला का मिळू नये, असे त्यांनी विचारले आहे. हे अर्जात लिहावे की तोंडी बोलावे?